ग्लासगोहून इनव्हरॅरी, आईबरोबर एका दिवसात?

मेच्या शेवटी आई येतेय. वय ६८, गुडघे कुरकुरतात, आमच्याकडे गाडी नाही. स्कॉटलंडमधल्या लॉख फाइन या जलाशयाकाठचं इनव्हरॅरी गाव बसने होईल का? तिथे दिवस निघेल एवढं आहे का?

— अहो, आरामात. रेल्वे नाहीच, पण बुकॅनन स्थानकातून थेट बस आहे, पावणेदोन तासांच्या आसपास. जाताना उजवीकडे बसवा, लॉख लोमंड त्या बाजूला दिसतं. पुढे ‘रेस्ट अँड बी थँकफुल’ घाट. पावसात दरड कोसळून तो बंदही होतो, आपल्या माळशेजसारखा. निघण्यापूर्वी रस्ता बघा.

— मी सासूबाईंना नेलं होतं. गाव चिमुकलं, पांढऱ्या भिंती, काळ्या चौकटी. इथल्या सरदाराने, म्हणजे आरगाइलच्या ड्यूकने, १८व्या शतकात आपल्या वाड्याजवळचं जुनं गाव हलवून हे नव्याने वसवलं, म्हणून इतकं आखीव. सासूबाईंना वाड्यापेक्षा १८२०चा तुरुंग (आता संग्रहालय) आवडला, कैद्यांनी हाताने फिरवायच्या लोखंडी दांड्याजवळ उभ्या राहून म्हणाल्या, “आमचं जातं बरं होतं.” वाड्यामागची टेकडी मात्र गुडघ्यांसाठी नाही.

— लॉख म्हणजे तळं म्हटलं तरी लॉख फाइन हे समुद्राचं पाणी आहे हं. ओहोटीला धक्क्याजवळ शेवाळाचा वास येतो, अगदी मालवणसारखा. आणि छत्री नको, वारा उलटी करतो. टोपीचं जॅकेट न्या.

— धन्यवाद! उजवी बाजू लक्षात ठेवते. परतीची शेवटची बस कधी असते?

— वेळा मोसमाप्रमाणे बदलतात, जायच्या आदल्या दिवशी बघा. शेवटच्या बसवर विसंबू नका, तिच्या आधीची धरा.