उन्हाळी शिबिराचा खाऊ आणि पाकिटावरचे दावे

सचिव:
सर्व सभासदांना नमस्कार. मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात आपल्या सोसायटीच्या आवारात मुलांचे उन्हाळी शिबिर भरणार आहे. मुलांना रोज संध्याकाळी खाऊ द्यायचा असून दादरच्या घाऊक व्यापाऱ्याचे दरपत्रक आणि तिन्ही वस्तूंच्या पाकिटांची दोन्ही बाजूंनी काढलेली छायाचित्रे सोबत देत आहे. मल्टिग्रेन बिस्किटे, 'नो ॲडेड शुगर' असे लिहिलेला फळांचा रस आणि उन्हाचा त्रास होऊ नये म्हणून इलेक्ट्रोलाइट पेय, अशा या वस्तू आहेत. तिन्ही आरोग्यास चांगल्या असल्याचे पाकिटांवरच नमूद असल्यामुळे समितीने त्या निवडल्या आहेत. कोणाची हरकत असल्यास रविवारपर्यंत कळवावे.

ए-७०२:
सचिव साहेब, समितीने मुलांच्या आरोग्याचा विचार केला याबद्दल मनापासून आभार. तथापि 'पाकिटावर नमूद आहे' हे निवडीचे कारण असू नये, असे मला आग्रहाने सांगावेसे वाटते. माझी नोकरीची बहुतेक वर्षे अन्नपदार्थांचे नमुने तपासण्यात गेली आणि त्या काळात उघड खोट्या दाव्यांपेक्षा अक्षरशः खऱ्या असलेल्या दाव्यांचीच मला अधिक चिंता वाटत आली. कारण खोटा दावा प्रयोगशाळेत पकडता येतो, परंतु एक खरी गोष्ट ठळक सांगून दुसरी महत्त्वाची गोष्ट नजरेआड करणारा दावा कोणत्याही चाचणीत सापडत नाही. शेंगदाण्याच्या किंवा सूर्यफुलाच्या तेलावर 'कोलेस्टेरॉल फ्री' असे छापलेले असते. ते खरेच आहे, पण कोलेस्टेरॉल हा मुळात प्राणिज पदार्थांत आढळणारा घटक आहे, त्यामुळे शेजारच्या डब्यातले, काहीही न छापलेले तेलही तेवढेच कोलेस्टेरॉलमुक्त असते.

आता बिस्किटांच्या पाकिटाचे छायाचित्र मोठे करून पाहावे. पुढे गव्हाच्या लोंब्या, ओट्स आणि नाचणीची कणसे आहेत. मागे घटकांची यादी आहे, आणि घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहिणे कायद्याने बंधनकारक असल्यामुळे ही यादी पुष्कळ काही सांगते. पहिला घटक मैदा, दुसरा साखर, तिसरा पाम तेल. त्यानंतर ओट्स ४ टक्के, नाचणी २ टक्के आणि ज्वारी १ टक्का. हे आकडेही कंपनीने आपण होऊन दिलेले नाहीत. ज्या घटकाचे नाव किंवा चित्र लेबलवर ठळकपणे मिरवले जाते, त्याचे प्रमाण सांगावेच लागते म्हणून ते आले आहेत. यादीत आणखी खाली इन्व्हर्ट सिरप आणि लिक्विड ग्लुकोज आहे. साखर अशी तीन नावांनी विभागली की प्रत्येक नाव यादीत थोडे खाली सरकते.

पोषणमूल्यांच्या तक्त्यात दर १०० ग्रॅमला २४ ग्रॅम साखर दिली आहे, पण ठळक अक्षरांत दिसतो तो दोन बिस्किटांच्या एका 'सर्व्हिंग'चा आकडा. आपली मुले दोन बिस्किटांवर थांबत नाहीत, पाकीट संपवतात. पाकीट ७५ ग्रॅमचे आहे, म्हणजे १८ ग्रॅम साखर. त्यासोबतच्या २०० मिलिलिटर रसात दर १०० मिलिलिटरला ११ ग्रॅम, म्हणजे २२ ग्रॅम. एका संध्याकाळच्या खाऊतून ४० ग्रॅम साखर पोटात जाईल, तर जागतिक आरोग्य संघटनेच्या मते प्रौढ माणसानेसुद्धा दिवसभरात मुक्त साखर सुमारे ५० ग्रॅमच्या आत, आणि शक्यतो २५ ग्रॅमपर्यंतच ठेवावी. रसातली साखर वरून घातलेली नाही हे मान्य, परंतु फळ पिळून त्यातला चोथा बाजूला काढल्यावर जी साखर उरते, तिची गणना ही संघटना मुक्त साखरेतच करते.

सी-२०१:
ताई, आपल्या अभ्यासाबद्दल आदर आहे, पण मी या मालाच्या वितरणात आयुष्य घालवले असल्यामुळे दुसरी बाजूही मांडली पाहिजे. तुम्ही जी माहिती सांगितलीत ती सगळी पाकिटावरूनच वाचून सांगितलीत. मग कंपनीने लपवले काय? जाहिरातीत कोणीही आपल्या मालाचे गुणच सांगणार. रस्त्यावरच्या खाद्यपदार्थांना ना लेबल असते ना परवाना क्रमांक, त्याबद्दल कोणी तक्रार करत नाही. शिवाय २०१५ मध्ये मॅगीवर देशभर बंदी आली आणि ती आपल्याच मुंबई उच्च न्यायालयाने रद्द केली, हेही विसरू नये. घाईने बोट दाखवल्याने अनेक लहान व्यापाऱ्यांचे नुकसान होते, ते मी जवळून पाहिले आहे.

ए-७०२:
काका, व्यापाऱ्यांच्या नुकसानीचा तुमचा मुद्दा रास्त आहे. परंतु उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१५ मध्ये बंदी रद्द केली, ती कंपनीला म्हणणे मांडण्याची संधी दिली गेली नव्हती आणि ज्या प्रयोगशाळांत नमुने तपासले गेले त्या मान्यताप्राप्त नव्हत्या, या कारणांवरून. मॅगीत शिसे मर्यादेबाहेर असल्याचा जो मूळ आरोप होता, तो प्रश्न पुढील तपासण्यांत मिटला. पण त्याच वादात 'नो ॲडेड एमएसजी' (म्हणजे चव वाढवणारे मोनोसोडियम ग्लुटामेट वेगळे घातलेले नाही) या शब्दांवरही आक्षेप होता आणि तो मला आजही महत्त्वाचा वाटतो. प्रथिनांपासून केलेल्या काही घटकांत ग्लुटामेट आपोआप असते, त्यामुळे ते वेगळे घातले नाही हे विधान शब्दशः खरे असूनही पदार्थात ते नाहीच, असा ग्राहकाचा समज होतो.

रस्त्यावरच्या पदार्थांबद्दल म्हणाल, तर वडापाव घेणाऱ्याला आपण तळलेले खात आहोत हे पुरते ठाऊक असते आणि तो त्या बेताने खातो. मल्टिग्रेन बिस्किटे देणारी आई मात्र आपण मुलाला धान्य देतो आहोत अशा समजुतीने दोन पाकिटे जास्त देते. माझा आक्षेप बिस्किटांवर नाही, या समजुतीवर आहे, कारण त्या समजुतीपोटीच तो पदार्थ अधिक खाल्ला जातो.

बी-५०४:
मी बालरोगतज्ज्ञ म्हणून फक्त तिसऱ्या वस्तूबद्दल लिहिते, पण सविस्तर लिहिते, कारण बिस्किटांमुळे होणारे नुकसान हळूहळू होते आणि याचे काही तासांत होऊ शकते. जुलाब होणाऱ्या मुलासाठी जागतिक आरोग्य संघटनेने ठरवलेल्या ओआरएसमध्ये, म्हणजे पाजायच्या क्षार-साखरेच्या द्रावणात, एका लिटर पाण्याला ग्लुकोज १३.५ ग्रॅम, मीठ २.६ ग्रॅम, पोटॅशियम क्लोराइड १.५ ग्रॅम आणि ट्रायसोडियम सायट्रेट २.९ ग्रॅम असते. हे प्रमाण सहज ठरलेले नाही. आतड्याच्या पेशी ग्लुकोज आणि सोडियम जोडीने शोषतात व त्यांच्यामागून पाणी आत जाते. ग्लुकोज गरजेहून फार जास्त झाले की उलट शरीरातले पाणी आतड्यात ओढले जाते आणि जुलाब वाढतात. १९७१ च्या युद्धकाळात पश्चिम बंगालमधील बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी शिरेतून द्यायचे सलाइन संपत आल्यावर असेच द्रावण पाजून असंख्य रुग्ण वाचवले, इतके हे औषध साधे आणि प्रभावी आहे.

आता त्याच नावाशी मिळतीजुळती नावे घेऊन फळांच्या चवीची गोड पेये औषधांच्या दुकानांत त्याच फळीवर मांडली जात होती. ओआरएसमध्ये दर १०० मिलिलिटरला जेमतेम १.३५ ग्रॅम साखर असते. त्यांपैकी कित्येक पेयांत ती त्याच्या अनेक पट होती. पालक विश्वासाने विचारायचे, 'डॉक्टर, ओआरएस सुरूच आहे, तरी जुलाब का थांबत नाहीत?' आणि पिशवीतून तो खोका काढून दाखवायचे. हैदराबादच्या बालरोगतज्ज्ञ डॉ. शिवरंजनी संतोष यांनी याविरुद्ध अनेक वर्षे एकाकी म्हणावा असा पाठपुरावा केला. अखेर १४ ऑक्टोबर २०२५ रोजी एफएसएसएआयने (भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने) अशा पेयांच्या नावात ओआरएस वापरण्याची २०२२ आणि २०२४ मध्ये दिलेली मुभा मागे घेतली आणि औषधाच्या सूत्रानुसार नसलेल्या पेयाच्या नावात ओआरएस ही अक्षरे कोणत्याही स्वरूपात वापरण्यास मनाई केली. या मुभेच्या काळात 'हे ओआरएस नाही' अशी सूचना बारीक अक्षरांत छापलेली असे. काका, आपण विचारलेत की लपवले काय. तर मोठ्या अक्षरांत एक सांगून त्याचेच खंडन बारीक अक्षरांत करणे, याला मी लपवणेच म्हणेन.

आपल्या शिबिराकडे येते. दरपत्रकातील पेयावर ओआरएस असे लिहिलेले नाही, म्हणून ते नियमबाह्य नसेलही. परंतु संध्याकाळी तासभर खेळलेल्या निरोगी मुलाला पाणी पुरते. घाम फार येत असेल तर लिंबू, मीठ आणि चिमूटभर साखर घातलेले सरबत किंवा ताक द्यावे. कोणाला उलट्याजुलाब झालेच तर औषधाच्या दुकानातून खऱ्या ओआरएसची पुडी आणून, पुडीवर लिहिले आहे तेवढ्याच पाण्यात विरघळवून पाजावी आणि डॉक्टरांना दाखवावे.

ए-१०३:
मी मधुमेही असून अनेक वर्षे 'शुगर फ्री' लिहिलेली बिस्किटे चहाबरोबर निर्धास्तपणे घेत आलो आहे. डॉक्टर, त्यांनीही साखर वाढते का?

बी-५०४:
आजोबा, 'शुगर फ्री' म्हणायचे तर १०० ग्रॅममध्ये साखर ०.५ ग्रॅमपेक्षा जास्त असता कामा नये, असा नियम आहे आणि आपली बिस्किटे तो पाळत असतील. पण मैदा पिष्टमय आहे, त्याचे पोटात ग्लुकोजच होते. माल्टोडेक्सट्रिन (पिष्टापासून केलेली पूड) असेल तर त्याचेही ग्लुकोज झपाट्याने होते, मात्र साखरेच्या ओळीत ते मोजले जात नाही. म्हणून आपण 'कार्बोहायड्रेट' ही ओळ पाहावी आणि तिच्यावरून किती बिस्किटे घ्यायची ते ठरवावे. गोडीसाठी माल्टिटॉल वापरले असेल तर जास्त खाल्ल्याने पोटही बिघडते. पुढच्या वेळी तपासणीला याल तेव्हा पाकीट सोबत आणावे.

बी-३०२:
ही चर्चा वाचून माझ्या मनात वेगळाच प्रश्न आला आहे. दुपारी मुलांना खाऊ देतात त्या माझ्या सासूबाई, आणि त्यांना मराठीशिवाय दुसरी भाषा वाचता येत नाही. मागची माहिती इंग्रजीत, तीही घडीखाली, चंदेरी पाकिटावर पांढऱ्या अक्षरांत. त्यांना समजते ते फक्त पुढचे चित्र. ताई, मग घटकांची यादी वाचा, हा सल्ला आमच्या घरात कोणी आणि कसा पाळायचा?

ए-७०२:
वहिनी, हा प्रश्न या साऱ्या चर्चेच्या मुळाशी आहे आणि त्याला घरगुती उत्तर पुरे पडणार नाही. लेबलवरची अनिवार्य माहिती इंग्रजीत किंवा देवनागरीतील हिंदीत द्यावी एवढेच नियम सांगतो. मराठीची सक्ती नाही. त्यामुळे ज्या बाजूवर कंपनीचे स्वातंत्र्य सर्वात जास्त, तीच बाजू कोट्यवधी लोकांपर्यंत पोहोचते. चिली देशाने २०१६ पासून साखर, मीठ, संपृक्त मेद किंवा उष्मांक मर्यादेबाहेर असलेल्या पाकिटांवर पुढच्याच बाजूला काळे अष्टकोनी चिन्ह छापणे सक्तीचे केले. असे चिन्ह सासूबाईंना एका नजरेत कळेल. आपल्याकडे एफएसएसएआयच्या २०२२ च्या मसुद्यात पाकिटांना तारे देण्याची पद्धत सुचवली गेली. ती मला पटत नाही, कारण थोडे तंतू किंवा प्रथिने घातली की त्यांचे गुण साखरेच्या उण्या गुणांतून वजा होऊन एखादा तारा वाढू शकतो. एप्रिल २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही पुढच्या बाजूवरील इशाऱ्याचा प्रश्न लवकर मार्गी लावण्यास सांगितले. तोवर घरात एकाने महिन्याच्या सामानातील नेहमीची पाकिटे एकदा वाचून ठेवणे एवढेच हाती आहे. आपणांस चालणार असेल तर मी स्वतः येऊन सासूबाईंबरोबर बसेन.

पाकिटावरचे दावे दिशाभूल करतात ही केवळ आपली शंका नाही. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने मे २०२४ मधील आहारविषयक मार्गदर्शक सूचनांत, जेमतेम १० टक्के फळ असलेला पदार्थही फळाच्या गरापासून बनवल्याचा दावा करू शकतो, असे स्पष्ट लिहिले. पुढच्याच महिन्यात एफएसएसएआयने अर्कात पाणी मिसळून तयार केलेल्या रसांवरून '१०० टक्के फळांचा रस' हे शब्द काढून टाकण्यास सांगितले. याचा अर्थ असा की ते शब्द तोपर्यंत वर्षानुवर्षे छापले जात होते आणि आपण त्यांच्यावर विसंबून ते रस मुलांच्या हाती देत होतो.

सी-२०१:
ओआरएसबाबत डॉक्टरांनी लिहिले ते मला पटले. बिस्किटांबाबत माझे मत अजूनही असे आहे की क्वचित दिलेल्या पाकिटाने बिघडत नाही. पण शिबिरात रोज द्यायचे असेल तर फुटाणे, खारे शेंगदाणे आणि केळी हा खाऊ मी दादरच्याच बाजारातून घाऊक भावात मिळवून देऊ शकेन. चिक्कीही मागवू का?

ए-७०२:
काका, फार बरे होईल. चिक्की एखाद्या दिवशीच असावी, कारण गुळाची असली तरी ती साखरच आहे. शेंगदाणे बिनमिठाचे मिळाल्यास उत्तम. शेंगदाण्याची ॲलर्जी असलेले मूल शिबिरात आहे का, हे सचिव साहेबांनी आधी पालकांना विचारून घ्यावे.

सचिव:
सर्वांच्या सूचना समितीसमोर ठेवल्या. दरपत्रकातील तिन्ही वस्तू रद्द करून फुटाणे, शेंगदाणे, केळी व ताक असा खाऊ ठरला आहे. ॲलर्जीबाबत पालकांनी मला आजच व्यक्तिशः कळवावे. ताई, एखाद्या पाकिटावरील दावा दिशाभूल करणारा वाटल्यास तक्रार कोठे करायची, हेही सांगावे.

ए-७०२:
एफएसएसएआयच्या 'फूड सेफ्टी कनेक्ट' या ॲपवर छायाचित्रांसह तक्रार नोंदवता येते. राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाचे कार्यालय वांद्रे-कुर्ला संकुलात आहे. ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. अन्न सुरक्षा कायद्याच्या कलम ५३ नुसार दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला १० लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. छायाचित्रात दावा, घटकांची यादी, पोषणमूल्यांचा तक्ता, बॅच क्रमांक आणि १४ अंकी परवाना क्रमांक स्पष्ट वाचता आला पाहिजे, आणि बिल जपून ठेवावे.

बी-३०२:
रसाच्या खोक्यावर परवान्याचे दोन वेगवेगळे क्रमांक दिसत आहेत. तक्रारीत कोणता द्यायचा?

ए-७०२:
वहिनी, एफएसएसएआयच्या बोधचिन्हाला लागून असलेला क्रमांक ब्रँडच्या मालकाचा असतो आणि दुसरा, जेथे माल तयार झाला त्या कारखान्याचा. पाकिटावर काय छापायचे हे ब्रँडचा मालक ठरवतो, म्हणून दाव्याविषयीच्या तक्रारीत त्याचा क्रमांक आधी द्यावा आणि कारखान्याचा त्याखाली.