तेरेसा टेंग: कानाशी गायलेली गाणी आणि चीन

सांजपक्षी (धागाकर्ती)
नोकरीनिमित्त तीन वर्षं चीनमधल्या सुझौला होते. घरमालकीणबाई साठीच्या पुढच्या. एकदा त्यांनी बिस्किटाच्या डब्यातून जुनी कॅसेट काढून दाखवली. १९८० च्या आसपासची. दोन टेपरेकॉर्डर समोरासमोर ठेवायचे, दारंखिडक्या लावायच्या आणि कुणी चकार शब्द काढायचा नाही, अशी उतरवून घेतलेली. तरी मध्येच त्यांच्या भावाला खोकला आला आणि तो गाण्यात कायमचा बसला. आज तेच गाणं दुकानात लागलं तरी त्या जागी मी खोकल्याची वाट बघते, म्हणाल्या.

आवाज तैवानच्या तेरेसा टेंगचा. सांस्कृतिक क्रांतीच्या दहा वर्षांत (१९६६-७६) गाणं म्हणजे समूहगान: पक्ष, कारखाना, माओ, सगळीकडे 'आम्ही'. हिच्या गाण्यात 'मी' आणि 'तू', तेही शेजारी बसून सांगितल्यासारखं. चिनीत तिचं आणि तेव्हाचे चीनचे सर्वोच्च नेते डेंग झियाओपिंग यांचं आडनाव एकच. त्यावरून लोक म्हणायचे, दिवसा थोरल्या डेंगचं ऐका, रात्री धाकट्या डेंगचं. माझं ठाम मत आहे की चिनी माणसाला स्वतःपुरतं मन असू शकतं, हे भाषणांच्या आधी या गाण्यांनी त्याला परत दिलं.

गिरणगाव
असहमत. हे श्रेय धोरणाचं आणि यंत्राचं. १९७८ नंतर चीनची दारं किलकिली झाली, हाँगकाँगचे नातेवाईक टेपरेकॉर्डर घेऊन यायला लागले. दुसरा कुणी गोड गळा असता तर तोही असाच घरोघरी गेला असता.

शिवाय हा आवाज राजकारणाच्या बाहेरचा नव्हता. वडील कुओमिंतांगच्या, म्हणजे कम्युनिस्टांशी हरून तैवानला गेलेल्या पक्षाच्या, सैन्यातले. चीनच्या झियामेन शहरासमोरच्या किनमेन बेटावर तैवानी लष्कराने १९६७ साली ४८ कर्ण्यांची भिंत उभारली. तिथून हिची गाणी समुद्रापलीकडच्या सैनिकांना ऐकवत. याला प्रचार म्हणतात.

कोमल_रिषभ
दोघांनीही शांघायचा उल्लेखच केला नाहीत, आणि माझ्या मते सगळं तिथेच आहे. तिथल्या ली जिन्हुई या संगीतकाराने १९२७ च्या सुमारास चिनी लोकधून आणि जॅझ यांचा मेळ घातला. अमेरिकन ट्रम्पेटवादक बक क्लेटन १९३० च्या दशकात शांघायला होता, त्याने लीबरोबर काम केलं. या संगीताला 'पिवळं' म्हणजे अश्लील ठरवलं गेलं. ली १९६७ साली सांस्कृतिक क्रांतीच्या छळात गेला. गायकवादक आणि रेकॉर्ड कंपन्या आधीच हाँगकाँगला गेल्या होत्या. शांघायची गायिका झोउ श्वान हिने १९३७ साली गायलेलं गाणं टेंगने पुन्हा गायलं. म्हणजे चीनने हाकललेलंच चीनमध्ये परत आलं.

गळ्याबद्दल थोडं. ती स्वर फेकत नाही, शब्दाच्या शेवटी श्वास ऐकू येऊ देते. भांडण नेमकं त्या श्वासाचं होतं! १९८२ साली बीजिंगमध्ये 'पिवळी गाणी कशी ओळखावीत' अशी पुस्तिका निघाली, त्यात असल्या गाण्याच्या पद्धतीवरच बोट ठेवलं होतं. मुख्य भूमीवरच्या, म्हणजे चीनमधल्याच, ली गूयी या गायिकेने एक गाणं तसं श्वास मिसळून गायलं तर तिच्यावर टीकेची झोड उठली. पण १९८३ च्या नववर्षाच्या टीव्ही कार्यक्रमात प्रेक्षकांनी फोन करकरून तेच मागितलं आणि तिला गावं लागलं. गिरणगाव, हे फोन यंत्राने केले नाहीत.

वसईकर
आपल्याकडेही झालंय. बा. वि. केसकर मंत्री असताना आकाशवाणीवर फिल्मी गाण्यांना कात्री लागली, अख्खा देश रेडिओ सिलोनकडे वळला, आणि १९५७ साली विविध भारती काढावी लागली.

गिरणगाव
वसईकर, ही तुलना मला फार खटकली. सिलोन लावलं म्हणून आपल्याकडे कुणाला भरसभेत उभं करून अपमानित केलं नाही. कोमल, ली गूयीचा मुद्दा मान्य. लोकांना हवंच होतं, हे त्यातून दिसतं. पण हवं असणं आणि घडवणं यांत फरक आहे. २७ मे १९८९ ला टेंग हाँगकाँगच्या हॅपी व्हॅलीत बीजिंगमध्ये लोकशाहीसाठी आंदोलन करणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी गायली. आठ दिवसांत बीजिंगमध्ये त्यांच्यावर रणगाडे आले. गाणं तिथे काय करू शकलं?

सांजपक्षी
रणगाड्यांपुढे काहीच नाही. सत्ता बदलली असं मी म्हटलेलंही नाही. त्यानंतर ती मुख्य भूमीवर कधीच गेली नाही, आधीही गेली नव्हती. १९९५ साली थायलंडमध्ये दम्याच्या झटक्याने वारली, वय ४२.

पण कर्ण्यांबद्दल माझं ऐका. प्रचार कर्ण्यातून कानावर आदळतो. तो कुणी खिडक्या लावून, श्वास रोखून दुसऱ्या कॅसेटवर उतरवून घेत नाही. बाईंना मी विचारलं होतं, भीती नाही वाटली? म्हणाल्या, वाटायची, पण कॅसेट मैत्रिणीला दुसऱ्या दिवशी परत द्यायची होती.

वसईकर
तुलना मागे घेतो. ऐकायला सुरुवात कुठून करू?

सांजपक्षी
'चंद्र सांगेल माझं मन' अशा अर्थाचं आहे, १९७७ चं. मग 'ट्यान मी मी'. त्याची चाल इंडोनेशियन लोकगीताची आहे. हेडफोन लावून, आवाज कमी ठेवून ऐका.