एडिथ जेकबसन यांच्याविषयी थोडी भर

नाझी काळात जर्मनी सोडलेल्या मनोविश्लेषकांविषयी बोलताना फ्रीडा फ्रॉम-राइशमान यांचे नाव येते; त्यांनी १९३३ साली जर्मनी सोडला आणि पुढे अमेरिकेतील चेस्टनट लॉज या मनोरुग्णालयात काम केले. त्याला एडिथ जेकबसन यांची जोड द्यावीशी वाटते. जेकबसन या बर्लिनमधील ज्यू मनोविश्लेषक डॉक्टर असून ‘नव्याने सुरुवात’ अशा अर्थाचे नाव घेतलेल्या नाझीविरोधी गटाशी त्यांचा संबंध होता. त्यामुळे १९३५च्या ऑक्टोबरमध्ये गेस्टापोने (नाझींच्या गुप्त पोलिसांनी) त्यांना अटक केली आणि पुढे त्यांना तुरुंगवासाची शिक्षा झाली. कैदेत मधुमेह बळावल्यावर त्यांना उपचारांसाठी बाहेर सोडण्यात आले, तेव्हा १९३८ साली त्या प्रागला निसटल्या आणि तेथून न्यूयॉर्कला पोहोचल्या. सहबंदिवान स्त्रियांचे त्यांनी तुरुंगात जे निरीक्षण केले, विशेषतः माणूस स्वतःलाच परका वाटू लागण्याच्या अनुभवाचे, त्यावर त्यांनी नंतर शोधनिबंध लिहिले. नैराश्यावरील त्यांच्या कामाचे कौतुक बरेच होते. पण मला तुरुंगातील निरीक्षणांवरचे हे लेखन अधिक मोलाचे वाटते, कारण निरीक्षक स्वतःही (हे सहज विसरले जाते) त्याच भिंतींच्या आत बंदिस्त होती.