मदत हवी आहे: नडगीवरची गाठ, पोरोकार्सिनोमा (घामाच्या नळीतून उगवणारा त्वचेचा कॅन्सर) की दुसरीकडून पसरलेला कॅन्सर?

प्रश्न (सोलापूर)
पेशंट ६८ वर्षांच्या, विडी कामगार. डाव्या नडगीवर जुनी चामखिळीसारखी गाठ. अलीकडे झपाट्याने वाढली, रक्त येऊ लागलं. चामखीळ समजून बाहेर कुठेतरी वरवर खरवडून काढली. रिपोर्ट: पुअरली डिफरन्शिएटेड कार्सिनोमा (पेशींवरून मूळ सहज न कळणारा कॅन्सर), अ‍ॅडनेक्सल (त्वचेतल्या घामग्रंथी, केसांची मुळं यांचा) असू शकेल, खालच्या कडेपर्यंत ट्यूमर. आयएचसी (पेशींतली ठरावीक प्रथिनं रंगवून दाखवणारी तपासणी) सुचवली आहे. खर्च बेताचा ठेवून नेमकं काय मागू?

प्रतिसाद १
आधी ब्लॉक (तुकडा मेणात बसवलेला ठोकळा) ताब्यात घ्या, नुसत्या स्लाइडवर भागणार नाही. आयएचसीआधी त्याच ब्लॉकचे आणखी खोल काप मागा. कडेला साधा पोरोमा (घामाच्या नळीची निरुपद्रवी गाठ) सापडला तर निम्मं काम तिथेच होतं, तेही स्वस्तात.

मग मोजकेच मार्कर (आयएचसीत शोधायची प्रथिनं, पुढची नावं त्यांचीच). घामाच्या नळ्यांची आतली कड दाखवायला सीईए. ईएमए एकट्यावर विसंबू नका, ते स्क्वेमस (त्वचेच्या वरच्या थराच्या) कॅन्सरमध्येही येतं. पी६३ आणि डी२-४० दोन्ही ठळक आले तर मूळ त्वचेतच असण्याकडे कल. स्तनातून वगैरे आलेल्या गाठीत ते सहसा निगेटिव्ह. ईआर किंवा जीसीडीएफपी पॉझिटिव्ह आलं म्हणून लगेच 'स्तनाचा' म्हणू नका, घामग्रंथींच्या ट्यूमरमध्येही ते येतात. एनयूटी उपलब्ध असेल तर जरूर करा: पॉझिटिव्ह आलं तर पोरोकार्सिनोमाला भक्कम आधार, निगेटिव्हने तो बाद होत नाही.

प्रतिसाद २
मार्कर काहीही येवोत, स्तनतपासणी, मॅमोग्राफी आणि जांघेतल्या लसिकाग्रंथींची सोनोग्राफी टाळू नका. जांघेत गाठ लागली तर सुईने तपासा.

पुन्हा तुकडा घ्यायचा झाल्यास चरबीपर्यंत जाणारा घ्या. खरवडलेल्या तुकड्यात खोली कळत नाही. चेहऱ्यावर तर याच कारणाने मायक्रोसिस्टिक अ‍ॅडनेक्सल कार्सिनोमाचा (खोलवर शिरणाऱ्या त्वचेच्या कॅन्सरचा) रिपोर्ट 'सिरिंगोमा' (निरुपद्रवी गाठ) येतो आणि वर्षं वाया जातात. तुकडा सलाइनमध्ये नको. १० टक्के बफर्ड फॉर्मॅलिन, तुकड्याच्या दहापट. फॉर्मवर 'चामखीळ?' एवढंच खरडू नका. जागा, किती दिवसांची, आधी काय केलं, सगळं लिहा.

प्रश्नकर्ता
आभार. ब्लॉक मुंबईला टाटा मेमोरियलमध्ये दाखवायचा आहे. नातेवाईक सिद्धेश्वर एक्सप्रेसने घेऊन गेले तर चालेल?

प्रतिसाद १
चालेल. ब्लॉकवरचा नंबर रिपोर्टशी ताडून बघा, मूळ रिपोर्टची प्रत आणि सगळ्या स्लाइड सोबत द्या. ब्लॉकला बर्फ लागत नाही, पण सोलापूरच्या मे महिन्यात स्टेशनवर जाताना गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवू नका. मेण ५६ ते ६० अंशांच्या आसपास वितळतं.