प्रतिसाद: विळिंजमचा प्रयोग
'भारतात लाटांपासून वीज कुणी करूनच पाहिली नाही' हे इथलं एक विधान वाचलं, ते पटलं नाही. केरळात तिरुवनंतपुरमजवळ विळिंजमला १९९१ मध्ये आयआयटी मद्रासने १५० किलोवॅटचा प्रकल्प उभारला होता. काँक्रीटच्या पोकळ पेटीत लाट चढली की आतली हवा टर्बाइनमधून बाहेर ढकलली जाते, उतरली की परत ओढली जाते. गंमत म्हणजे हवा कुठूनही येवो, ते वेल्स टर्बाइन एकाच दिशेने फिरतं!

खरी अडचण समुद्राच्या लहरीपणाची (अगदी शब्दशः). पावसाळ्यात दांडग्या लाटा, एरवी जेमतेम. पुढे तीच वीज खारं पाणी गोडं करायला वापरून पाहिली. मला तर ग्रिडला (वीजपुरवठ्याच्या जाळ्याला) जोडण्यापेक्षा हेच शहाणपणाचं वाटतं. पाणी निदान टाकीत साठवता तरी येतं.