पुरानंतर बिथरलेल्या आठ वर्षांच्या भाचीसाठी सल्ला हवा आहे

कृष्णाकाठ (धागा)

माझ्या भावाची आठ वर्षांची मुलगी शिरोळ तालुक्यातील आमच्या गावी राहते. पावसाळ्यात एका रात्री नदीचे पाणी चढले आणि बोट येईपर्यंत ती आजीला बिलगून पाच तास माळ्यावर बसून होती. खाली गोठ्यातल्या दोन म्हशी दावणीलाच बुडाल्या. त्यांचे ओरडणे तिने ऐकले.

आता तीन महिने झाले आहेत. ती दप्तर उशाला घेऊन झोपते, अंथरूण ओले करते आणि सर आली की उठून पायरीपर्यंत पाणी आले का ते पाहून येते. सर्वांना जास्त खटकतो तो तिचा खेळ. घमेल्यात पाणी भरून ती रोज कापडी बाहुली त्यात बुडवते. माझी आई, म्हणजे तिची आजी, त्याला अभद्र खेळ म्हणते आणि घमेले हिसकावून घेते. आम्ही तिला घरी कसे सांभाळावे आणि कोणाला दाखवावे?

लातूरकर

ताई, ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा मी नऊ वर्षांचा होतो. आदल्या रात्रीच गणपतींचे विसर्जन झाले होते. माझी धाकटी बहीण ढिगाऱ्याखाली गेली. भारतीय जैन संघटनेने त्या वेळी सुमारे १२०० मुलांना शिक्षणासाठी पुण्याला नेले, पण आजोबांनी मला जवळच ठेवले.

‘तू शूर आहेस, रडायचे नाही’ असे मला येणारा-जाणारा सांगत असे आणि त्यामुळे बहिणीचे नाव घेणेच मी सोडून दिले. मला खरा आधार दिला तो पत्र्याच्या शाळेतल्या गुरुजींनी. त्यांनी घंटा वाजवण्याचे काम माझ्याकडे दिले होते. रस्त्याने ट्रक गेला आणि पत्रे थरथरले की ते शिकवणे थांबवून, ‘हा ट्रक आहे, जमीन हललेली नाही,’ असे शांतपणे सांगत, आणि हे त्यांनी वर्षभर न कंटाळता केले. भाचीलाही पाणी पाहून यायला मनाई करू नका. कोणीतरी तिच्याबरोबर पायरीपर्यंत जावे, ही माझी कळकळीची विनंती आहे.

शालेय समुपदेशिका

वरच्या प्रतिसादातील गुरुजींनी जे केले, तेच मी पालकांना सांगते. अमेरिकेच्या हवाई राज्यातील कौआई बेटावर १९५५ साली जन्मलेल्या ६९८ मुलांचा मानसशास्त्रज्ञ एमी वर्नर यांनी अनेक दशके मागोवा घेतला. अत्यंत बिकट परिस्थितीत वाढलेल्यांपैकी सुमारे एक तृतीयांश मुले सक्षम, समाधानी प्रौढ झाली. आणि निदान एका मोठ्या माणसाशी असलेले भक्कम नाते त्यांच्यात वारंवार आढळले.

खेळाबद्दल सांगायचे, तर लहान मुले सोसलेला प्रसंग शब्दांऐवजी खेळातून पुन्हा मांडतात, म्हणून घमेले हिसकावू नये. आजींनी शेजारी बसून ‘हिला वर कोण घेणार?’ एवढेच विचारावे आणि उत्तराची घाई करू नये. तिला त्या रात्रीबद्दल खोदून खोदून विचारू नये. ती आपणहून बोलली तर मात्र विषय बदलू नये. म्हशींबद्दल विचारले तर त्या मेल्या असे खरे सांगावे. जेवणाच्या, शाळेच्या आणि झोपेच्या वेळा शक्यतो ठरलेल्या असाव्यात. अंथरुणावरून तिला रागावू नये, कारण ते तिच्या हातात नाही.

तरीही तीन महिने हा मोठा काळ आहे. लक्षणे महिन्याहून अधिक टिकली की तज्ज्ञांना दाखवावेच. जिल्हा रुग्णालयातील मानसोपचार विभागात जावे किंवा १४४१६ या टेली-मानस क्रमांकावर, म्हणजे मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनवर, बोलून घ्यावे. ही सेवा मोफत आहे आणि तेथे मराठीत बोलता येते. आघातावर केंद्रित बोधात्मक वर्तनोपचार (त्या प्रसंगाशी जोडलेले विचार, भीती आणि वागणे यांवर बोलून केलेला उपचार) साधारण १२ ते १६ बैठकांचा असतो आणि त्यात घरच्या माणसांनाही सहभागी करून घेतात.

कृष्णाकाठ

दोघांचेही मनापासून आभार. काल आई घमेल्यापाशी बसली आणि तुम्ही सांगितलेला प्रश्न तिने विचारला. भाची बराच वेळ गप्प राहिली, मग तिने बाहुली पिळून आईच्या पदरात ठेवली. आई तेव्हा रडली आणि म्हशींच्या दाव्याची गाठ आपल्याला सोडता आली नाही, हे तिने पहिल्यांदाच आम्हाला सांगितले. सोमवारी रुग्णालयात जायचे ठरले आहे. समुपदेशिकाताई, आईचेही तिथे वेगळे नाव नोंदवावे लागेल का?

शालेय समुपदेशिका

होय, त्यांचा स्वतंत्र केसपेपर काढा आणि त्यांना डॉक्टरांशी एकटीने बोलू द्या.