मदत हवी आहे: तळ्याच्या गाळाची चुंबकीय तीव्रता ९ मीटरला संदर्भ वक्राशी जुळत नाही

गोड्या पाण्याच्या तळ्यातला १४ मीटरचा गाभा (तळातून काढलेला गाळाचा उभा स्तंभ) आहे. ६ मीटरपर्यंत रेडिओकार्बन नीट चाललं, तिथं वय सुमारे ३८,००० वर्षं येतं. त्याखाली सापेक्ष पुराचुंबकीय तीव्रता वापरतोय, म्हणजे गाळाने टिपलेल्या पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या ताकदीचा आलेख वयं ठाऊक असलेल्या संदर्भ वक्राशी जुळवतोय. यू-चॅनल नमुने (गाभ्यातून कापलेल्या लांब सलग पट्ट्या), ८० मिलिटेस्लापर्यंत एएफ (उलटसुलट क्षेत्राने चुंबकत्व पायरीपायरीने पुसणं), २० ते ५० मिलिटेस्लामधला एनआरएम (गाळातलं नैसर्गिक चुंबकत्व) भागिले एआरएम (प्रयोगशाळेत एएफसोबत छोटं स्थिर क्षेत्र लावून दिलेलं चुंबकत्व). साडेसहा मीटरला आलेखात खोल दरी आहे, पण ९ ते ९.४ मीटरला आलेख शेजारच्या तिप्पट उंच जातो. असं शिखर संदर्भ वक्रात कुठंच नाही. वक्र ताणून बसवावा का?

प्रतिसाद १
अजिबात ताणू नका. आधी तिथं चुंबकत्व कोण धरून आहे ते पाहा. माझा संशय ग्रेगाइटवर (लोह आणि गंधकाचं चुंबकीय खनिज) आहे. गोड्या पाण्यात सल्फेट कमी, त्यामुळे लोह पायराइटपर्यंत न पोहोचता मधेच ग्रेगाइटवर अडकतं. ते गाळ साचल्यानंतर वाढतं, म्हणजे त्याने टिपलेलं क्षेत्र त्या थराच्या काळातलं नसतंच.

तुमच्याच नोंदींत दोन खुणा शोधा. ५० मिलिटेस्लानंतर एनआरएम घटण्याऐवजी वाढतोय का? आणि संतृप्त आयआरएम (जोरदार क्षेत्रात दिलेलं कमाल चुंबकत्व) भागिले ग्रहणशीलता (क्षेत्र लावलं की गाळ किती चुंबकला जातो) हे गुणोत्तर तिथंच एकदम वर जातं का? पक्कं करायचं तर थोडा गाळ तापवा: ग्रेगाइट असेल तर २७० ते ३५० अंश सेल्सिअसच्या दरम्यान चुंबकत्व कोसळतं. मॅग्नेटाइट, म्हणजे गाळातलं नेहमीचं चुंबकीय लोहखनिज, ५८० पर्यंत टिकतं.

प्रतिसाद २
सरळ गुणोत्तराऐवजी प्रत्येक पायरीला गेलेला एनआरएम आणि गेलेला एआरएम एकमेकांसमोर मांडून उतार काढा. बिंदू रेषेत बसत नसतील तर तो तुकडा बाद. एआरएम १०० मिलिटेस्ला एएफ आणि ०.०५ मिलिटेस्ला स्थिर क्षेत्रात दिलाय ना? मॅग्नेटाइटचं प्रमाण गाभाभर दहापटीपेक्षा जास्त बदलत असेल, किंवा तीव्रतेचा वक्र एआरएमच्याच चालीने चालत असेल, तर तुम्ही क्षेत्र मोजत नसून गाळाचा पोत मोजताय. यू-चॅनलच्या दोन्ही टोकांचे ५ सेंटीमीटरही वगळा, तिथं सेन्सर अर्धा रिकामी जागा वाचतो.

धागाकर्ता
दोन्ही खुणा सापडल्या. ९ ते ९.४ मीटरमध्ये ६० मिलिटेस्लानंतर एनआरएम वाढतो आणि आयआरएम भागिले ग्रहणशीलताही तिथंच चढते. मग साडेसहाची दरी लाशाम्प (पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र दुबळं पडून दिशा भरकटली ती घटना) मानू का?

प्रतिसाद १
९ ते ९.४ मीटरचा पट्टा कोराच सोडा, मधे रेषा ओढून भरू नका.

दरीचं गणित जुळतंय. ६ मीटरला ३८,००० म्हणजे हजार वर्षांना साधारण १६ सेंटीमीटर. लाशाम्प ४१,००० वर्षांपूर्वीचं, म्हणजे ते साडेसहाच्या आसपासच यायला हवं. पण नुसती तीव्रता पडणं पुरेसं नाही, मॅग्नेटाइट विरघळलं तरी अशी दरी पडते. दिशाही भरकटलीय का पाहा. जमल्यास बेरिलियम-१० भागिले बेरिलियम-९ मोजा: क्षेत्र खरंच दुबळं असेल तर बेरिलियम-१० वाढलेलं दिसेल, आणि हा पुरावा चुंबकीय खनिजांवर अवलंबून नाही.

प्रतिसाद २
दरीखाली ग्लोपिस-७५ हा संदर्भ वक्र लावा. याच वेगाने तुमचा तळ ८८,००० च्या आसपास जाईल, म्हणून ७५,००० च्या पुढे पिसो-१५०० हा जास्त मागे जाणारा वक्र लागेल. जोडबिंदू (तुमचा आलेख वक्राशी जिथं बांधता त्या जागा) कमीत कमी ठेवा आणि प्रत्येक नव्या बिंदूनंतर साचण्याचा वेग काढून पाहा. गाळाचा पोत तोच असताना वेग एकदम तिप्पट झाला, तर तो बिंदू काढून टाका.